आत्याबाईंचा जर्मलचा पाय

आमच्या आत्याबाई रोज सकाळी पाय घासायच्या. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, सगळ्याच बायका घासतात. तसं नाही. त्या पाय काढून घासायच्या. डाव्या गुडघ्याचे पट्टे सोडायचे, पाय दोन्ही मांड्यांत उभा धरायचा, चुलीतली राख घ्यायची, तिच्यात मूठभर धुण्याचा सोडा, आणि नारळाच्या काथ्यानं असं रगडायचं की सगळ्या वस्तीला कळावं, भागिरथीबाई उठल्या. हंड्याला नाही इतकी राख त्या पायाला लागायची.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी भिंगारची, नगरला लागून शहरात वाढलेली, लग्न होऊन पारनेरकडच्या ह्या गावात आले. माझं तोंड जरा सुटलेलं आहे हे आधीच सांगून ठेवते. आत्याबाई म्हणायच्या, “ह्या वृषालीच्या तोंडात जिभंच्या जागी खुरपं हाय.” आणि खुरप्याची पारख त्यांच्याइतकी कुणाला होती? खुरपणीच्या बायकांची टोळी होती त्यांची. आमच्या विहाराच्या मागच्या घरांमधल्या सगळ्या बायका त्या टोळीत. मी पण.

खुरपणी ज्यांनी केली नाही त्यांना सांगते. शेतात बायका एका ओळीनं बसतात, आणि प्रत्येकीच्या वाट्याला जी पट्टी येते तिला पात म्हणतात. बांधाकडची पहिली पात जी धरते तिच्या हातावर सगळ्यांचा हात चालतो. ती सरकली की बाकीच्या सरकतात, ती पाण्याला उठली की बाकीच्या उठतात. मालकाशी बोलायचं तिनंच. आत्याबाईंनी ती पहिली पात कितीतरी वर्षं धरली होती. दुसऱ्या कुणी धरावी असं कुणाच्या मनातही येत नसे.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काढला, पण टोक आत राहिलं. त्या लेप लावत बसल्या, दुखतंय म्हणून सांगितलं नाही, आणि पाऊल काळं पडलं तेव्हा नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो पायाबद्दल नव्हता. “पहिल्या पातीला कोन बसतंय?” लंकाबाई बसते म्हणून सांगितल्यावर त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या.

घरात भाकरीची चिंता नव्हती. माझा नवरा भीमराज टेम्पो चालवायचा, मी कामाला जायचे. तो म्हणाला, “आई, आता बस की निवांत.” त्यावर आत्याबाई म्हणाल्या, “बसून खायाला मी काय पावनी हाय? मला माझी पात पायजे.” एवढंच. नंतरचं वर्षभर त्या कुबड्यांवर फिरल्या आणि हे एकच वाक्य येताजाता बोलत राहिल्या. मला तर वीट आला होता.

मग कुणीतरी सांगितलं की नगरला एका संस्थेचा कारखाना आहे, तिथं पाय बनवून देतात, आणि त्या पायावर उकिडवं बसता येतं. उकिडवं बसता येतं म्हटल्यावर आत्याबाई दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसल्या.

तिथं कानिफनाथ होता. चाळिशीचा माणूस, जातीचा कासार. त्याचा बाप गावोगाव फिरून भांड्यांचे पोचे काढून द्यायचा. कानिफ भांड्यांवरून पायांवर आला होता. हातोडीनं पत्रा ठोकून ठोकून त्याची पोटरी करायची, शिवण रिबिटानं जोडायची, खाली रबरी पाऊल बसवायचं आणि वर चामड्याचे पट्टे. त्यानं माप घेतलं आणि तयार पाय हातात दिला तेव्हा आत्याबाईंचं तोंड एकदम उतरलं.

“हे जर्मलचं हाय?” त्यांनी विचारलं. आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमला जर्मल म्हणतात.

“व्हय मावशी, अ‍ॅल्युमिनियम.”

“भगुन्याचं?”

“भगुन्याचं न्हाई. भगुनं लई नरम असतं. ह्यात मॅग्नेशियम मिसळलेलं हाय, आनखी बी थोडं थोडं. वजन वाढत न्हाई, ताकद येती.”

“दुसरं कशाचं न्हाई का?”

“ह्याच्यावानी हलकं दुसरं न्हाई.”

मी मनात म्हटलं, बघा बाई. पाय फुकटात मिळतोय आणि ह्यांना धातू निवडायचाय. आत्याबाईंनी पाय चढवला, भिंतीला धरून चालल्या, मग भिंत सोडून चालल्या, आणि मग कानिफच्या समोर जमिनीवर उकिडव्या बसल्या. बसल्या तशा दोन्ही हात मातीला टेकवून बराच वेळ तशाच राहिल्या. कानिफला वाटलं उठता येत नाही, तो धावला. त्या रडत होत्या.

निघताना त्यानं बजावलं. “मावशी, ह्याला राख न्हाई, सोडा न्हाई, चुना न्हाई. अ‍ॅल्युमिनियमला त्यो खार खातो. वल्या फडक्यानं पुसायचं, बस.” आत्याबाईंनी मान हलवली. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

आठवड्यातच त्या टोळीबरोबर शेतात आल्या. लंकाबाई म्हणाली, “आक्का, तुमी आज सावलीला बसा, आमी हाय की.” आत्याबाई सरळ गेल्या आणि बांधाला लागून बसल्या. लंकाबाईनं आपलं खुरपं उचललं आणि दुसऱ्या पातीला सरकली. तिचा स्वभाव गरीब, आणि खरं सांगायचं तर पहिल्या पातीची कटकट तिला नकोच होती. त्या दिवशी आत्याबाईंनी आम्हाला असं पळवलं की संध्याकाळी माझी बोटं मिटेनात. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “हलका हाय हां पाय.” त्या पायाचं कौतुक त्यांच्या तोंडून तेवढंच एकदा ऐकलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घासणं सुरू झालं. मी म्हटलं, “आत्याबाई, कानिफनं काय सांगितलंय?” “त्याला काय कळतंय? घासल्याबिगर भांडं ऱ्हातं व्हय?” मी म्हटलं, हे भांडं नाही. तर म्हणाल्या, “जर्मल हाय ना? मंग भांडंच.” ह्या अ‍ॅल्युमिनियमचं दुखणं असं की घासलं की हात काळे होतात, पाय तेवढ्यापुरता पांढरा होतो आणि दुपारी पुन्हा राखाडी. म्हणजे उद्या पुन्हा घासा. वर आत घामाचा वास येतो म्हणून आतून सोड्याचं गरम पाणी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मी बोलायचे, आणि त्या राख चाळत बसायच्या.

असं दीड वर्ष चाललं. शहाण्णवच्या जानेवारीत छबूबाईंच्या मळ्यात कांद्याची खुरपणी होती. छबूबाई म्हणजे मळ्याच्या मालकीण, गावातलं मोठं घर. आदल्या दिवशीच पाणी दिल्यामुळं वाफे ओले होते. आत्याबाई एका वाफ्यातून उठून पुढच्यात पाऊल टाकायला गेल्या आणि पाय पोटरीत मुडपला. कागद चुरगळावा तसा. त्या कांद्याच्या रोपांवर आडव्या झाल्या. आम्ही धावलो. लागलं फारसं नव्हतं. पण त्या पायाकडं बघतच नव्हत्या, मागं वळून आपल्या पातीकडं बघत होत्या. “अर्धी ऱ्हायली,” म्हणाल्या.

कानिफनं तो मुडपलेला पाय खिडकीसमोर धरला. पत्र्याला बारीक बारीक भोकं पडली होती, त्यातून उजेड येत होता. त्यानं आम्हाला ते दाखवलं आणि पाय बाकावर आपटला.

“मावशी, हे पायानं झिजलेलं न्हाई. हातानं झिजलंय. सोडा लावला का न्हाई?”

मी बोलून थकले होते, शेवटी सोनारानंच कान टोचले म्हणून मला बरं वाटत होतं. पण कान टोचून घेतील त्या आत्याबाई कसल्या? त्या म्हणाल्या, “मंग घासलं तर चालंल असं काय असंल तर त्ये दे.”

कानिफ मागच्या खोलीत जाऊन एक पत्रा घेऊन आला. एक केमिकलचा कारखाना बंद पडला होता, त्याच्या भंगारातून त्यानं तो उचलला होता. चांदीसारखा, पण जरा पिवळसर झाक असलेला. “ह्यात निकेल लई, आन थोडं तांबं,” तो म्हणाला. “कारखान्यात खाराच्या पान्याला हेच वापरत्यात. सोडा ह्याचं काय बी वाकडं करत न्हाई. घासा, उगाळा, काय करायचं ते करा. पन जड हाय मावशी. एवढ्याला एवढं धरलं तर अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट.”

“पातळ ठोक.”

“पातळ ठोकलं तर चुन्या पडत्यात. आधीच हे ठोकता ठोकता कडक व्हतं, घडीघडीला तापवावं लागतं.”

आत्याबाई हटेनात. शेवटी वैतागून त्यानं दोन्ही पत्र्यांचे बोटभर तुकडे कापले आणि त्यांच्या हातावर ठेवले. म्हणाला, “घरी न्या, काय पारखायचं त्ये पारखा, आन मंग सांगा.”

झालं. आमचं अंगण त्यानंतर प्रयोगशाळा झालं. कुबड्या टेकवत आत्याबाई सकाळपासून त्या दोन तुकड्यांच्या मागं. पहिल्यांदा एका वाटीत सोड्याचं कडक पाणी करून दोन्ही टाकले. जर्मलच्या तुकड्याला लगेच बुडबुडे सुटले आणि तो काळा पडत गेला. निकेलचा तुकडा तळाला जसा होता तसा. मग चिंचेचं पाणी झालं. मग युरियाचं, कारण शेतात पाय त्यातच असतो. मग मिठाचं पाणी, घामाच्या नावानं. जर्मलवर पांढरे डाग उठले, बोटानं पुसले तर खाली खळगे. निकेलवर काही नाही. मग त्यांनी दोन्ही तुकडे दाराच्या फटीत घालून वाकवले. जर्मल मुकाट वाकलं, पुन्हा सरळ केलं, पुन्हा वाकवलं, आणि थोड्या वेळात मोडून हातात आलं. निकेल वाकेचना, जोर लावला तर दारच कुरकुरायला लागलं. चहाच्या आधणात दोन्हीची टोकं बुडवून धरली. जर्मलचा चटका लगेच बोटाला आला आणि त्यांनी तो टाकून दिला, निकेलचा तुकडा मात्र कितीतरी वेळ चिमटीत धरता आला. त्या आठवड्यात आमच्या घरात चहाला धड एक वाटी उरली नव्हती.

“बघितलं का?” त्या मला म्हणाल्या. “सगळ्यात निकेल वरचढ.”

“आणि वजनात?”

त्यांनी दोन्ही तुकडे दोन तळहातांवर ठेवून खालीवर केले. “लई फरक न्हाई.”

इथंच चुकलं बघा. बोटभर तुकडा तळहातावर कसला जड लागणार? माणूस पारखतो पण आपल्याला हवं तेवढंच पारखतो. सोड्यानं, चिंचेनं, आगीनं जे पारखायचं ते त्यांनी पारखलं, आणि दिवसभर उचलून जे पारखायचं ते राहिलं.

कानिफनं कुरकुरत का होईना, निकेलचा पाय केला. झाला मात्र देखणा. आत्याबाई तो घालून वस्तीतून निघाल्या तेव्हा त्यावर ऊन पडत होतं आणि बायका दारात येऊन बघत होत्या. त्यांनी लुगडं मुद्दाम जरा वर खोचलं होतं. सकाळी राख, सोडा, काथ्या सगळं पूर्वीसारखं, आणि पाय दिवसभर तसाच लखलखीत. पहिल्यांदाच त्या पायाकडं बघून हसताना मला दिसल्या. म्हटलं, चला, सुटलो.

कसलं सुटतोय. नाकापेक्षा मोती जड झाला होता. कोरड्या वाटेवर ठीक होतं. ओल्या वाफ्यात तो पाय रुतायचा, आणि दर वेळी उपसताना त्यांच्या कमरेला हिसका बसायचा. वर गुडघ्याच्या वर जिथं पत्र्याची कड लागायची तिथं खाज सुटून लाल चट्टे उठले. त्या ओठ मिटून पुढं सरकत राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, “नवा हाय, बसंल अंगाला.” रात्री कमरेला शेकायला मीठ मागायच्या, ते मात्र माझ्याकडं नाही, भीमराजकडं.

आणि तरी पहिली पात पुढंच होती. मला हे कळायला वेळ लागला. मी आपली माझ्या पातीत मान घालून, आणि मला तर आयतंच बरं वाटत होतं की हल्ली हात दुखत नाहीत.

एका संध्याकाळी छबूबाई बांधावर आल्या. त्यांनी मळ्यावर नजर टाकली आणि म्हणाल्या, “भागिरथे, आज एवढंच?” आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. कारण खुरपणी निम्मीच झाली होती. आत्याबाई उठल्या आणि पहिल्यांदा त्यांनी वळून सगळ्या पाती पाहिल्या. सगळ्यांच्या पाती एका रेषेत, त्यांच्या पातीच्या बरोबर हातभर मागं. असं कधी होत नाही. कुणाचा हात चपळ असतो, कुणाचा मंद, कुणी पोराला पाजायला उठते. खरं शेत करवतीच्या दात्यांसारखं वेडंवाकडं खुरपलं जातं. लंकाबाईचा हात तर असा की ती मनात आणेल तर सगळ्यांना दोन वाफे मागं टाकेल. तीही हातभर मागं.

छबूबाई गेल्यावर आत्याबाईंनी विचारलं, “कवापासून?”

लंकाबाई खुरप्याची माती काढत राहिली. “आक्का, पहिली पात तुमचीच हाय.”

“मी काय इचारलं? कवापासून?”

“ह्यो पाय आल्यापासून,” लंकाबाई म्हणाली. “तुमाला तरास हुतो. आमी जरा दमानं घेतो, त्यात काय एवढं?”

आत्याबाईंनी खुरपं ओटीत टाकलं आणि एकट्याच घराकडं चालू लागल्या. कुणाला बरोबर येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पहिली पात लंकाबाईनं धरली, आणि आमचे हात पुन्हा दुखायला लागले.

मला राग आला. त्या ओट्यावर मटकी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, “हलका पाय देतोय ना तो कानिफ? तो घ्या, राख-सोडा बंद करा, आणि आपली पात धरा. एवढी साधी गोष्ट आहे. पाय घासला नाही तर कोण बघतंय? जर्मलचा आहे म्हणून काय बिघडलं? पात मोठी की चकाकी मोठी?”

त्या मटकीतले खडे काढत राहिल्या. मला वाटलं, नेहमीसारख्या मान हलवतील. पण त्या बोलल्या.

“वृषाली, छबूबाईच्या मळ्यात चहा येतो तवा तू कशात पितीस?”

“पेल्यात.”

“कशाच्या?”

मला आठवावं लागलं. “जर्मलच्या.”

“आन त्यांचा गडी कशात पितो? इहिरीवरचा मोटरवाला आला तर कशात पितो?”

स्टीलच्या ग्लासात. मी पाहिलं होतं की. मी भिंगारची, मला वाटायचं ग्लास कमी पडतात, बायका जास्त, म्हणून जे हाताला लागेल ते आणतात. खरंच मला असंच वाटायचं.

“मी लगीन करून आले,” आत्याबाई सांगायला लागल्या, “तवा त्यांच्या गोठ्याच्या भितीत एक कोनाडा हुता. त्यात पोचे पडलेला जर्मलचा पेला पालथा असायचा. त्यो आपला. पानी मागितलं की त्यो घ्यायचा, खाली बसायचं, आन त्या वरून वतायच्या. पिऊन झालं की आपनच इसळायचा आन पालथा घालायचा. आतून काळा असायचा त्यो. कुनाचाच न्हाई तर घासनार कोन? मला किळस यायची. मी रोज त्यो राखंनं घासायची. घासून घासून त्याला भोक पडलं. मला वाटलं, बरं झालं, गेला. दुसऱ्या दिशी कोनाड्यात दुसरा हुता.”

त्यांनी सुपातली मटकी एकदा पाखडली.

“कोनाडा गेला आता. पेले टोपलीत यायला लागले. पन धातू त्योच. आयुष्यभर हातात धरलं बाई त्ये. आन आता त्याच्यावर उभी ऱ्हाऊ?”

मला वाईट वाटलं, आणि छबूबाईंचा रागही आला, आणि तो राग कुठं ठेवावा ते कळेना, कारण बाई काही दुष्ट नव्हत्या. आत्याबाईंचा पाय काढला तेव्हा त्यांनी महिनाभर घरी दूध पाठवलं होतं. मीही सुपात हात घातला आणि मटकी संपेपर्यंत खडे वेचले. मग मी म्हटलं, “आत्याबाई, त्यात धातूचा काय दोष?”

“त्येच इचार करतीया,” त्या म्हणाल्या.

चार-पाच दिवस विचार चालला असेल. मग एका सकाळी त्यांनी भीमराजला टेम्पो काढायला सांगितला. मीही गेले. कानिफनं मांडीवरचे चट्टे बघितले आणि म्हणाला, “निकेल काहींच्या कातडीला सोसत न्हाई. मी सांगायला पायजे हुतं.” मग त्यानं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा काढला, आणि आत्याबाई ह्या खेपेला तो हातोडीखाली कसा वळतो ते शेजारी बसून बघत राहिल्या. मध्येच त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला. पाय झाल्यावर कानिफ म्हणाला, “मावशी, कातडीच्या रंगाचा रंग देऊ का? मंग जर्मल दिसनार न्हाई.”

“नको. दिसू दे.”

मग त्यांनी निकेलचा पाय बाकावर ठेवला. “ह्याचं काय हुईल?”

“काय बी करता येईल. पत्रा लाख मोलाचा हाय.”

“मला ह्याचा एक पेला करून दे.”

कानिफ हसला. “पायाचा पेला?”

“माझाच पाय हाय की. माझ्या पायाचा मला कसला इटाळ?”

कानिफचं हसू गेलं. कासाराचा पोरगा तो, त्यानं बापाची अवजारं काढली, पोटरीचा निमुळता भाग कापला, गरम केला, बूड बसवलं, काठ वळवला. संध्याकाळपर्यंत पेला झाला. आत्याबाईंनी तो पदरात बांधला.

राख आणि सोडा बंद झाला. सकाळी त्या ओलं फडकं घ्यायच्या आणि पाय पुसायच्या. पुसताना सुरुवातीला हात थांबायचा नाही, पुन्हा पुन्हा तीच जागा पुसायच्या. मग हळूहळू ते कमी झालं. पाय राखाडी पडला तो तसाच राहिला.

छबूबाईंच्या मळ्यात त्या परत आल्या तेव्हा लसणाची खुरपणी होती. लंकाबाई आपण होऊन दुसऱ्या पातीला बसली. आत्याबाई म्हणाल्या, “एक ऐका. माझ्यासाठी कुनी हात मागं ठिवला तर मी पात सोडंन. मागं पडले तर पडू द्या मला.” पण त्या मागं पडल्या नाहीत. हलका पाय वाफ्यातून असा उचलला जात होता की दहा वाजेपर्यंत मला घाम फुटला. लंकाबाई मला हळूच म्हणाली, “तुझ्या सासूला पाय दिला का पंख?”

दुपारी छबूबाई किटली आणि टोपली घेऊन बांधावर आल्या. गड्याला स्टीलचा ग्लास दिला आणि टोपली आमच्याकडं सरकवली. रीत अशी की आम्ही उकिडव्या बसायचो, पेला पुढं करून धरायचो, आणि त्या उभ्यानं वरून चहा ओतायच्या. मी कितीदा तसा चहा घेतला असेन. त्या दिवशी टोपलीतल्या पेल्यांकडं हात जाईना. मी आत्याबाईंकडं पाहिलं. सगळ्याच पाहत होत्या, पहिली पात त्यांची, चहाही पहिला त्यांनाच.

आत्याबाईंनी पदराची गाठ सोडून निकेलचा पेला काढला. मग जमिनीला एक हात टेकवून त्या उठल्या आणि जर्मलच्या पायावर सरळ उभ्या राहिल्या. पेला हनुवटीशी धरला.

छबूबाई म्हणाल्या, “अगं, बस की. पाय दुखंल.”

“न्हाई दुखत वयनी. आज उभ्यानंच घिते.”

छबूबाईंनी किटली उचलली. एरवी त्या ओतायच्या तेव्हा पेला खाली, त्यांच्या गुडघ्याशी असायचा. आता तो त्यांच्या हनुवटीसमोर होता. वरून ओतायचं तर किटली डोक्याच्या वर न्यावी लागली असती. त्या घोटाळल्या. पेल्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, मग आत्याबाईंच्या तोंडाकडं. आत्याबाईंनी पेला खाली केला नाही, पुढंही केला नाही. वाट बघत राहिल्या. मला वाटलं, आता बाई किटली ठेवून निघून जाणार, आणि उद्यापासून हा मळा आम्हाला बंद.

किटलीची तोटी पेल्याच्या काठाला टेकली. बारीक आवाज झाला. छबूबाईंनी चहा ओतला.

मग लंकाबाईनं खुरपं खाली ठेवलं आणि ती उठली. तिच्यामागं दुसरी, मग मी, मग सगळ्याच, पाती जशा होत्या त्या ओळीनं. हातात टोपलीतलेच पेले होते, पण उभ्या होतो. छबूबाई किटली घेऊन एकेकीसमोर येत गेल्या. माझ्यासमोर आल्या तेव्हा त्यांच्या नाकातली चमकी, कपाळावरचा घाम, सगळं मला समोरासमोर दिसलं. इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा प्याले होते मी, आणि त्यांचे फक्त पाय मला ओळखीचे होते.